धरमपेठेचा इतिहास लिहायचा आहे? आधी आखीव पत्रिका काढा

नागपुरातल्या एखाद्या वस्तीचा इतिहास लिहायला घेतला की पहिलं पान झपाट्यानं होतं. गोंड राजे येतात, भोसले येतात, १८१७ ची सीताबर्डीची लढाई येते. दुसऱ्या पानावर खुद्द वस्ती यायची असते आणि तिथं हात थांबतो. मग ‘शांत, सुसंस्कृत, शिक्षणप्रेमी लोकांची वस्ती’ अशी वाक्यं पडायला लागतात. ही वाक्यं धरमपेठेला लावा, धंतोलीला लावा, रामदासपेठेला लावा, सगळीकडे सारखीच बसतात. म्हणजे ती कुठलीच नसतात.

विद्यापीठाच्या आजूबाजूचा पट्टा, म्हणजे धरमपेठ, गोकुळपेठ, रामदासपेठ, रविनगर आणि अंबाझरीकडची ले-आउटं, याहून खूप जास्त सांगू शकतो. मात्र त्याला प्रश्न ठरावीक क्रमानं विचारावे लागतात: आधी जमीन (तिचा मुख्य कागद आखीव पत्रिका, म्हणजे प्लॉटचं मालमत्ता पत्रक), मग पाणी, मग रस्ता, मग घर आणि सगळ्यात शेवटी माणसांच्या आठवणी. आठवणींपासून सुरुवात केली की सांगणाऱ्याचं तपासायला हाताशी काहीच नसतं. क्रम पाळला तर आजोबा ‘इथं सगळं शेत होतं’ म्हणाले, की ते शेत कुठल्या मौज्यातलं (महसुली गावातलं) आणि कुठल्या खसऱ्याचं (शेताच्या क्रमांकाचं), हे लगेच जोडता येतं.

आधी हद्द आखा

‘धरमपेठ परिसर’ हा शब्द फार सैल आहे. फ्लॅट विकणारे लोक शंकरनगरच्या पलीकडेही धरमपेठच सांगतात. कामासाठी चार कडा ठरवून कागदावर लिहून ठेवा. एक सोयीचा तुकडा असा: उत्तरेला अमरावती रोड, दक्षिणेला उत्तर अंबाझरी रोड, पूर्वेला महाराजबागेकडची बाजू, पश्चिमेला रविनगर-रामनगर. एवढाही दोन-तीन माणसांना जास्तच होतो. पहिल्या वर्षी लॉ कॉलेज चौक ते शंकरनगर चौक हा वेस्ट हायकोर्ट रोड आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन गल्ल्या घ्या. दोनशे-अडीचशे प्लॉट नीट झाले तर पुढचं काम आपोआप सोपं होतं.

हद्द आखताना एक घोटाळा हमखास होतो. नागपूर विद्यापीठ एका कुंपणात बसलेलं नाही. दीक्षांत सभागृह आणि जुनं प्रशासन महाराजबागेजवळ, ग्रंथालय रामदासपेठेत, विधी महाविद्यालय त्याच्याच नावाच्या चौकात, आणि पदव्युत्तर विभागांचा परिसर व २०२३ पर्यंत विद्यापीठाचीच असलेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (एलआयटी) अमरावती रोडवर. ‘विद्यापीठाजवळची वस्ती’ म्हणताना नेमकं कशाजवळची, हे प्रत्येक वेळी लिहा. लॉ कॉलेजजवळच्या गल्लीत वसतिगृहाची पोरं राहतात, ग्रंथालयाजवळ दिवसभर अभ्यासिकेत बसणारी. दोन्ही विद्यार्थीच, पण त्यांच्यामुळे वस्तीत उगवलेली दुकानं वेगळी.

यामागचं कारण इतिहासात आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ते मुख्यतः संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारं होतं, आणि महाविद्यालयं आधीपासून जिथं होती तिथंच राहिली. हिस्लॉप १८८३ चं, मॉरिस १८८५ चं. त्याआधी इथल्या पोरांच्या पदव्या अलाहाबाद विद्यापीठाच्या असत. पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस. विद्यापीठाला स्वतःचं अंग आलं ते नंतर, तुकड्यातुकड्यांनी. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, हा त्यातला सगळ्यात मोठा तुकडा. त्यामुळे वस्ती आधी की विद्यापीठ आधी, या प्रश्नाला इथं एक उत्तर नाही. गल्लीगणिक वेगळं निघतं, आणि ते शोधणं हेच या कामातलं खरं सुख आहे.

नावांची वही

कुठल्याही कागदाला हात लावण्याआधी एक दोनशेपानी वही घ्या आणि तिच्यात फक्त नावं लिहा: आजचं नाव, जुनं नाव, बदलाचं वर्ष, जुन्या कागदांतलं लेखन. हे टाळलं तर ग्रंथालयात दहा दिवस शोधूनही ‘काही सापडत नाही’ असं वाटतं, कारण आपण चुकीच्या नावानं शोधत असतो.

विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं २००५ मध्ये. त्याआधीचं सगळं नुसतं ‘नागपूर विद्यापीठ’ म्हणून शोधा. मॉरिस कॉलेज आता वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ लॉ आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावानं ओळखलं जातं. दक्षिण अंबाझरी रोडवरचं व्हीआरसीई हे इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं, त्याचं व्हीएनआयटी झालं २००२ मध्ये. एलआयटी २०२३ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. धंतोलीचा शोध घेताना ‘क्रॅडॉक टाउन’ या नावानंही पाहा.

इंग्रजी कागदांत लेखन आणखी फिरतं. सीताबर्डीचं ‘सीताबल्डी’, तेलंखेडीचं ‘तेलिनखेरी’, अंबाझरीचं ‘अंबाझेरी’ होतं. फुटाळा आणि तेलंखेडी तलाव हे दोन वेगळे समजून दोन नोंदी करणारे बरेच भेटतात. तलाव एकच आहे, भोसल्यांच्या काळातला.

नावाच्या शेपटीकडेही बघा. पेठ, पुरा, खेडी, नगर, ले-आउट, कॉलनी यांतली प्रत्येक शेपटी जमीन कशी वाटली गेली ते सांगते. ‘खेडी’ म्हणजे तिथं आधी गाव होतं. ‘ले-आउट’ म्हणजे कोणाची तरी सलग जमीन आखून प्लॉट पाडले गेले, आणि पुष्कळदा मूळ मालकाचं आडनावच पुढे लागलेलं असतं. ‘कॉलनी’ असेल तर संस्थेनं किंवा खात्यानं आपल्या लोकांसाठी घेतलेली जागा असण्याची शक्यता जास्त. याला पुरावा मानू नका. कुठल्या कार्यालयात आधी जायचं हे मात्र यावरून ठरतं.

जमीन: या कामाचा कणा

पश्चिम महाराष्ट्रात जिला मालमत्ता पत्रक म्हणतात, तिला आपल्याकडे आखीव पत्रिका म्हणतात. नगर भूमापन कार्यालयात मिळते, ऑनलाइनही काढता येते. शीट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर हातात असल्याशिवाय जाऊ नका. घरमालकाकडच्या जुन्या विक्रीपत्रात पहिल्याच पानावर हे सगळं एका दमात लिहिलेलं असतं: मौजा, पटवारी हल्का नंबर, खसरा नंबर, शीट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, वॉर्ड, मनपा घर क्रमांक. विक्रीपत्र दाखवायला लोक कचरतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून विक्रीपत्र मागू नका, फक्त शीट आणि सर्व्हे नंबर सांगता का, असं विचारा. मनपाच्या कराच्या पावतीवरचा घर क्रमांक आणि सिटी सर्व्हे नंबर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पावती घेऊन भूमापन कार्यालयात गेलात तर परत यावं लागेल.

पत्रिका मिळाली की तीन गोष्टी उतरवा: क्षेत्र, सत्ता प्रकार (जागा कुठल्या हक्कानं धरलेली आहे ते) आणि सगळ्यात जुन्या फेरफाराची (हक्कातल्या बदलाच्या नोंदीची) तारीख.

क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. त्याला १०.७६४ नं गुणा. ४६४.५ चौ.मी. म्हणजे जवळपास ५,००० चौरस फूट, म्हणजे पन्नास बाय शंभरचा प्लॉट. २७८.७ म्हणजे ३,०००. ओळीनं आठ-दहा प्लॉट असे गोल फुटांत आले की समजावं, ही आखणी एका हातानं, एका वेळी, फुटपट्टीच्या जमान्यात झाली. आकडे वेडेवाकडे निघाले तर एक तर नंतर हिस्से पडले, किंवा रस्ता रुंद करताना पट्टी गेली, किंवा ती जागा आखणीच्या आधीपासूनच कोणाच्या ताब्यात होती. मोजणीत थोडा फरक राहतोच, म्हणून दोन-चार चौरस मीटर इकडेतिकडे झाले तर त्यावर तर्क लढवू नका.

सत्ता प्रकारात बघायचं ते नझूल, म्हणजे शहरातली सरकारी जमीन, आहे का. सिव्हिल लाइन्स आणि तिच्या लगतच्या भागात सरकारी नझूल जागा पट्ट्यानं (दीर्घ मुदतीच्या भाड्यानं) दिलेल्या आहेत. नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) योजनेतले प्लॉटही पट्ट्याचेच, पण देणारा वेगळा. नासुप्र १९३६ च्या कायद्यानं आली, म्हणून नासुप्रच्या पट्ट्याचा प्लॉट त्याआधीचा असूच शकत नाही. नझूलचा असू शकतो. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन प्रकार निघाले तर उड्या माराव्यात असा शोध आहे तो: वस्तीची शिवण तिथं सापडली. शहराच्या बाहेरच्या भागातल्या घरांना गुंठेवारीचं, म्हणजे विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित केल्याचं, ‘आरएल’ पत्र असतं, ती गोष्ट निराळी आणि बरीच अलीकडची.

सगळ्यात जुन्या फेरफाराची तारीख म्हणजे घर बांधल्याची तारीख नव्हे. ही चूक छापील पुस्तकांतही दिसते. ती नोंद झाल्याची तारीख असते. सिटी सर्व्हे झाल्यावर जुनी घरं एकदम नोंदली जातात, त्यामुळे अख्ख्या गल्लीला एकच वर्ष दिसतं आणि ‘वस्ती त्या वर्षी वसली’ असं वाक्य तयार होतं. ओळीनं एकच तारीख दिसली की थांबा. ती सर्व्हेची असण्याचीच शक्यता जास्त.

त्याही मागे जायचं तर मौज्याकडे जावं लागतं. आज जिथं चौक आहेत तिथं मालगुजारी गावं होती, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या मालकीची, आणि मध्य प्रांतातली मालगुजारी १९५१ मध्ये संपली. गावाची बंदोबस्त मिसल (जमीन मोजणी-साऱ्याची फाइल), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद), निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक हक्कांची नोंद) असे कागद जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मौजावार लावलेले असतात. वस्तीच्या नावानं मागितलं तर ‘असं गाव नाही’ हेच उत्तर येईल, आणि ते खरंच असतं. मौज्याचं नाव सांगा. रामदासपेठेतल्या लेंड्रा पार्कच्या नावात जुन्या मौज्याचं नाव टिकून आहे. फुटाळा, तेलंखेडी, अंबाझरी, खामला, अजनी ही सगळी मौज्यांचीच नावं.

ले-आउटच्या मूळ नकाशासाठी माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘ही वस्ती केव्हा आणि कशी वसली?’ असं विचारलं तर अर्ज वाया जातो, कारण अधिकारी माहिती तयार करून देत नाही, असलेल्या कागदाची प्रत देतो. ‘मौजा अमुक, खसरा क्रमांक तमुक येथील मंजूर ले-आउट नकाशाची प्रत द्यावी’ एवढंच लिहा.

पाणी

विद्यापीठाची वस्ती शहराच्या पश्चिमेलाच का, याचं अर्धं उत्तर उतारात आहे. नाग नदी पश्चिमेकडून अंबाझरीतून येते आणि पूर्वेला जाते. महाल भागातलं जुनं शहर उताराच्या खाली, अंबाझरी वर. १८७० च्या सुमारास अलेक्झांडर बिनी या इंजिनिअरनं अंबाझरीवरून शहराला नळाचं पाणी देण्याची योजना पूर्ण केली. हेच बिनी पुढे लंडनचे मुख्य इंजिनिअर झाले. रेल्वे १८६७ ची. रुळांच्या पश्चिमेला सीताबर्डीचा किल्ला, त्यापलीकडे साहेबांची सिव्हिल लाइन्स, आणि तिच्या आधारानं महाविद्यालयं. नंतरची मध्यमवर्गीय पेठ या सगळ्याच्या कडेनं वाढली, वरच्या अंगाला, मोकळ्या हवेला.

प्रत्यक्ष कामात पाण्याच्या दोन नोंदी करा. पहिली विहिरींची. जुन्या बंगल्याच्या आवारात मागच्या अंगाला विहीर असायची. आता ती झाकलेली, बुजवलेली किंवा पंप बसवलेली. दोन प्लॉटच्या सीमेवर विहीर दिसली तर दोघांनी मिळून खोदलेली असू शकते, आणि त्या दोन कुटुंबांचं नातं किंवा एकच नोकरी, हे विचारायचा धागा मिळतो. कठड्याच्या दगडावर किंवा सिमेंटवर साल कोरलेलं आहे का ते हात फिरवून बघा. शके असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाची तिथी असेल तर सहसा ७९. मारवाडी दानातून झालेल्या मंदिरांवर विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करा. शके आणि संवत यांची गल्लत झाली तर १३५ वर्षांचा फरक पडतो आणि धरमपेठेतलं मंदिर भोसल्यांच्या काळातलं ठरतं.

दुसरी नोंद पुराची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी हा भाग पाण्याखाली गेला. भिंतींवरचे डाग अजून पुसलेले नसतील तिथं जमिनीपासून उंची टेपनं मोजा, फोटोत टेप दिसू द्या, आणि मोजमाप रस्त्यापासून आहे की जोत्यापासून हे लिहा. हा इतिहास ताजा आहे म्हणून सोडू नका. रंगाचा एक हात बसला की पुरावा गेला. अनेक घरांतल्या जुन्या वह्या, लग्नाचे फोटो, पदवीची प्रमाणपत्रं त्या पाण्यात गेली आहेत. ज्यांचं काही उरलंय त्यांचं आता लगेच स्कॅन करायला हवं.

नकाशावर नकाशा ठेवणे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकाप्रमाणे नागपूर ५५ ओ/४ या शीटवर येतं, प्रमाण १:५०,०००. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. या नकाशावरून गाव, तलाव, मोठा रस्ता, रेल्वे एवढंच सांगावं. अमुक बंगला होता की नाही हे त्यावरून ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जुना नकाशा आजच्यावर बसवायला क्यूजीआयएस हा फुकट प्रोग्राम पुरतो. त्यातल्या जिओरेफरन्सर या साधनाला दोन्ही नकाशांत ओळखता येणाऱ्या तीन बिंदूंवरही काम करता येतं, पण सहा ते आठ द्या, आणि ते चारी बाजूंना पसरवा. चांगले बिंदू: सीताबर्डी किल्ल्याचे कोपरे, अंबाझरीच्या धरणाची दोन टोकं, जुन्या दगडी इमारतीचा कोपरा. वाईट बिंदू: तलावाचा काठ, कारण तो मे आणि सप्टेंबरमध्ये वेगळा असतो, आणि चौक, कारण प्रत्येक रुंदीकरणात चौकाचा मध्य सरकतो. सगळे बिंदू सीताबर्डीकडेच घेतले तर तिथं नकाशा तंतोतंत बसतो आणि रविनगर शंभर मीटर भलतीकडे जातं. बसवून झाल्यावर प्रत्येक बिंदूची चूक किती ते प्रोग्राम दाखवतो. एकच बिंदू फार चुकत असेल तर तो काढून पुन्हा करा.

पायी फेरी

ऑक्टोबर संपल्यावर सुरू करा, फेब्रुवारीत थांबवा. मार्च-एप्रिलपासून सकाळी नऊलाच ऊन चढतं आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेल्यावर नोंदी धड होत नाहीत. सकाळी सात ते नऊ ही वेळ. रविवार धरा, वेस्ट हायकोर्ट रोडवर दुकानं उघडायच्या आधी वरचे मजले निवांत बघता येतात. लॉ कॉलेज चौकातून निघून शंकरनगरपर्यंत चाला. तिथून मेट्रोचं स्टेशन आहेच, परत फिरायची चिंता नाही. दोघं असावं: एक बघणारा, एक लिहिणारा. एकट्यानं दोन्ही केलं की लिहिता लिहिता तीन घरं निघून जातात.

घर खालून वर वाचा. सुरुवात जोत्यापासून. फाटकातून आत गेल्यावर पायऱ्या वर जातात की खाली उतरतात? नागपुरात सिमेंटचे रस्ते होताना रस्त्याची पातळी वर आली आणि जुनी घरं खाली राहिली. ओट्याला मूळ पायऱ्या किती असाव्यात आणि आता किती दिसतात हे मोजलं तर रस्ता किती चढला त्याचा अंदाज येतो. एका पायरीला साधारण सहा इंच धरा. फाटकाचं खालचं बिजागर जमिनीला टेकलेलं असेल तर तीही तीच खूण.

मग भिंत आणि खिडकी. खिडकीला लोखंडी घोड्यावर कूलर ठेवायची जागा मूळ बांधणीतली आहे की नंतर ठोकलेली? जुन्या घरांना खोल व्हरांडा असतो, कारण तेव्हा कूलर नव्हता, वाळ्याचे ताटे होते आणि ते टांगायला दारावर आकडे लागत. ते आकडे अजून सापडतात. गोलाई घेतलेला कोपरा, सिमेंटची जाळी, खिडक्यांवरून सलग गेलेला छज्जा ही घरं साधारण चाळीस ते साठच्या दशकातली. छतावर कवेलू (मातीची कौलं) असतील तर बांधणी आणखी जुनी असू शकते, किंवा मागच्या बाजूची चाकरांची खोली असेल. आत बोलावलं तर जमिनीकडे बघा: लाल कोबा, शहाबादी फरशी, मोझेक, व्हिट्रिफाइड असा क्रम पुष्कळदा एकाच घरात खोली-खोलीनं दिसतो. ज्या खोलीत लाल कोबा आहे ती मूळची.

घराचं नाव, फाटकावरची पाटी, पाटीवरच्या पदव्या, सगळं उतरवा. ‘एम.ए., एलएल.बी., वकील हायकोर्ट’ अशी संगमरवरी पाटी म्हणजे वस्तीची जनगणनाच असते. नागपूरला हायकोर्ट मिळालं १९३६ मध्ये. कोर्ट आणि विधी महाविद्यालय या दोन्हींना धरून वकिलांची एक अख्खी पिढी या बाजूला राहिली. पुढे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती झालेले मोहम्मद हिदायतुल्ला इथल्या विधी महाविद्यालयात १९३५ ते १९४३ शिकवत होते. किती पाट्या वकिलांच्या, किती प्राध्यापकांच्या, किती डॉक्टरांच्या, याची नुसती बेरीज केली तरी ‘सुसंस्कृत वस्ती’ या शब्दांपेक्षा जास्त कळतं.

घर पाडून फ्लॅट झाला असेल तर जुन्या घराची जागा रिकामी सोडू नका. इमारतीचं नाव पुष्कळदा जुन्या घराचं किंवा आजीचं असतं. वॉचमनला नाही, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मूळ कुटुंबाला विचारा.

मुलाखत

तास-सव्वा तासाच्या वर बसू नका. एका तासाचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास लागतात, हे धरून आठवड्याला दोनच मुलाखती ठरवा. फोन एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, टेबलावर नाही तर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. पंखा बंद करायची विनंती करा. कूलर चालू असेल तर ध्वनिमुद्रण करूच नका, त्या घरघरीत म्हाताऱ्या माणसाचा आवाज पार बुडतो. हिवाळ्यात काम करायचं हे आणखी एक कारण.

‘तुमच्या वेळी कसं होतं?’ हा प्रश्न विचारला की ‘फार छान होतं’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी हातात धरता येईल असं विचारा. दूध कोण आणायचं, कुठून? सकाळी कॉलेजला सायकलनं जाताना पहिला डांबरी रस्ता कुठं लागायचा? भाड्यानं राहणारे विद्यार्थी घरात जेवायचे की मेसमध्ये? विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कितव्या पायरीवर जायचं?

साल कोणालाच आठवत नाही, म्हणून खुंट्या, म्हणजे सगळ्यांना आठवणाऱ्या घटना, घेऊन जा. १९५६ ही नागपूरची सगळ्यात मजबूत खुंटी. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि १ नोव्हेंबरला मध्य प्रदेशची राजधानी नागपुरातून गेली. ‘राजधानी गेल्यावर शेजारचे कोण कोण बदलून गेले?’ असं विचारा. भोपाळला आणि मुंबईला गेलेली कुटुंबं, रिकामे झालेले भाड्याचे मजले आणि तिथं आलेली नवी माणसं, हे सगळं त्या एका प्रश्नात निघतं. पुढची खुंटी १९७१ च्या युद्धाची, काचांना काळे कागद लावल्याची. त्यापुढे आणीबाणी. दोन खुंट्यांच्या मध्ये आठवण बसवता आली तर ‘सुमारे’ लावून लिहा, नाही बसली तर साल लिहू नका.

परवानगी कागदावर घ्या, आणि त्यात छापण्याआधी मजकूर दाखवू असं लिहा. दाखवाही. प्लॉटचे वाद, भावाभावांतले हिस्से, भाडेकरूंचे खटले हे कानावर येणारच. ते वहीत सुद्धा उतरवू नका, इतिहासाला त्यांची गरज नाही आणि एखाद्याचं घर त्यानं मोडू शकतं.

भाड्यानं राहिलेल्या पोरांना विसरू नका. या वस्तीचा स्वभाव त्यांनीच घडवला: गोकुळपेठ बाजारातली भाजी, कॉफी हाउसचा चौक, सकाळचे तर्री-पोहे, झेरॉक्सची दुकानं, परीक्षेच्या महिन्यात रात्री दोनपर्यंत जळणारे दिवे. पण ते दोन-तीन वर्षांत निघून जातात, म्हणून मालकांच्या इतिहासात ते दिसत नाहीत. त्यांचा माग मेसच्या जुन्या हिशेबवह्यांत, वसतिगृहाच्या नोंदींत आणि जुन्या घरमालकिणींच्या स्मरणात असतो. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, बैतूल, छिंदवाडा, कोण कुठून आलं हे गावांच्या नावांसकट लिहा.

उतरवताना

प्रत्येक वाक्याच्या समासात एक अक्षर टाका: क म्हणजे कागद, द म्हणजे डोळ्यांनी दिसलेलं, स म्हणजे सांगितलेलं. सलग अख्खं पान ‘स’ आलं तर ते पान अजून लिहायचं झालेलं नाही, कार्यालयात परत जा. सलग ‘क’ आलं तर फेरी कमी पडली. जिथं कागद आणि आठवण जुळत नाहीत तिथं दोन्ही लिहा आणि कुठलं का मानलं ते सांगा. १९०८ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये आजच्या धरमपेठेचं चित्र शोधू नका, ते तिथं नसणार. तलाव, गावं, बागा, पाणी यांसाठी ते वाचा. जुन्या वर्तमानपत्रांसाठी ‘हितवाद’ १९११ पासूनचा आहे, आणि विदर्भ साहित्य संघ व विद्यापीठ दोन्हींच्या ग्रंथालयांत मराठी नियतकालिकांची चौकशी करा. पानं ठिसूळ असतात, उलटताना दोन्ही हात वापरा, फ्लॅश बंद ठेवा, आणि फोटोच्या पहिल्या चौकटीत तारीख दिसेल असा मथळा घ्या. नुसत्या कात्रणाचा फोटो महिन्याभरानं कुठल्या दिवसाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

फोटोंच्या फाइलला नाव देताना तारीख, शीट, सर्व्हे नंबर आणि दिशा एवढं टाका, मालकाचं नाव नको. छापील प्रतीत घर क्रमांक गाळा. पूर्ण झालेल्या कामाच्या दोन प्रती आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा एक ड्राइव्ह विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नोंद करून द्या, पोच घ्या, आणि त्या पोचेवरचा दाखल क्रमांक नावांच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.